फाटकाबाहेरची हाक

काराचायीर, अनातोलिया
ता. ९ सप्टेंबर १९९७

चि. गोसादा हिस मुर्झाबेकदादाचे अ. उ. आ.

आम्ही उभयता परवा सुखरूप घरी पोचलो. सोचीहून सुटलेल्या बोटीत तुझ्या मेलेकवहिनीला समुद्र लागला आणि त्राब्झोन येईपर्यंत तिने मला, माझ्या पूर्वजांना आणि काळ्या समुद्राला एका दमात नावं ठेवली. तू दिलेला चीजचा गड्डा कस्टमच्या माणसाने दोनदा हुंगला आणि हात झटकून परत केला. आता तो आमच्या माळ्यावर आहे. घरात शिरणारा प्रत्येक जण विचारतो, इथे काय मेलंय? मी सांगतो, हा माझ्या मुलखाचा वास आहे, सोसत नसेल तर बाहेर बसा.

इथवर रीतीचं झालं, आता मनातलं लिहितो. खरं तर बोटीतच लिहायला घेतलं होतं. मेलेकने कागद काढून घेतला. रागाचं पत्र घरी जाऊन, चहा पिऊन लिहावं, असं तिचं म्हणणं. घरी आलो, चहा झाला, राग आहे तिथेच आहे.

गोसादा, माझे पणजोबा गाबिस कॉकेशसमधल्या ओसेतियातलं आपलं ऊर्सदुर गाव सोडून उस्मानी मुलखात आले आणि त्यांचे धाकटे भाऊ तेमिरकान तिथेच राहिले. त्या तेमिरकानची तुम्ही पणतवंडं. म्हणजे आपण एका चुलीची माणसं. मी जन्मभर ज्या गावाचं नाव ऐकत आलो, त्या गावी अडुसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा पाय ठेवला. आणि तुम्ही माझं काय केलंत? पाहुणा केलंत!

हसू नकोस. जेवणाच्या त्या लांबलचक टेबलाच्या डोक्याशी कोण बसलं होतं? तुझा भाऊ इनाल. तो पासष्टचा आणि मी अडुसष्टचा. दाउराती घराण्यातला वयाने सगळ्यांत मोठा पुरुष त्या दिवशी त्या अंगणात मी होतो. तरी बैलाचं डोकं मांडलं इनालपुढे. चीजच्या तीन पोळ्यांवर हात धरून प्रार्थना म्हटली इनालने. मला त्याच्या उजव्या बाजूला, खाली मऊ गादी घालून बसवलं, जशी परक्या मुलखातल्या बड्या माणसाची बडदास्त ठेवतात तशी. मग सगळे उभे राहिले आणि मला पाहुण्याचा मानाचा पेला दिला. मी बिअर घेत नाही म्हटल्याबरोबर इनालने हात हलवून मला माफ केलं. तुझ्या भाच्याने गाडी चालवायची म्हणून पेला टाळला, तर त्याला सगळ्यांनी कसं फैलावर घेतलं ते मी पाहिलं. मला तसं कोणी एका शब्दाने बोललं नाही. घरच्या माणसाला शिव्या मिळतात. मला गादी मिळाली.

लाकडं आत आणायला उठलो तर दोन पोरांनी माझ्या हातातून ओढून घेतली. विहिरीवर गेलो तर बादली काढून घेतली. आठवडाभर मी त्या घरात एक कपसुद्धा विसळला नाही. अशी वागणूक मला इकडे आमच्या तालुक्याच्या साहेबाकडे मिळते, आणि मी त्या माणसाकडे जायचं टाळतो.

आणि एक गोष्ट अजून घशात अडकली आहे. शेवटच्या दिवशी मी एकटाच वर आपल्या कबरस्तानात गेलो. भिंतीला वरच्या बाजूला, दाराशीच, मोठं भगदाड आहे. त्यात काटेरी फांद्या आणि कुठल्यातरी जुन्या लोखंडी पलंगाचा सांगाडा कोंबला होता. आत मेंढ्यांच्या लेंड्या! माझ्या खापरपणजोबांच्या दगडाला एक मेंढी पाठ घाशीत होती. बैल कापायची तुम्हाला हौस आहे, चार दगड रचायची नाही? मी इनालला विचारलं, तर त्याने विषय बदलून मला आणखी मटण वाढलं.

लोभ असावा असं शेवटी लिहितात, मीही लिहितो. पण पाहुण्यावर करतात तसला नको. घरच्यावर असतो तो, थोडा कमी, थोडा खरखरीत, पण खरा असावा.

तुझा,
मुर्झाबेकदादा


अलागीर
ता. २० ऑक्टोबर १९९७

ती. स्व. मुर्झाबेकदादा यांस बालके गोसादाचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी पत्र टेबलावर ठेवलं, बागेतली कोबीची रांग खुरपून आले, पुन्हा वाचलं, आणि आग पुन्हा चढली. तुम्ही वडीलधारे आहात म्हणून वरचा नमस्कार केला आहे. खाली जे लिहिते त्यात नमस्कार शोधू नका.

तुम्ही येणार म्हणून मी मे महिन्यापासून बार्ली निवडत होते. ती तांब्याची कढई आमच्या आईची. तिच्याशी उभी राहून बिअर गाळता गाळता माझे गुडघे असे सुजले की अजून जिना उतरताना कठडा धरते. इनालने जो बैल कापला तो त्याने पुतण्याच्या लग्नासाठी राखून ठेवला होता. पोराचं लग्न पुढे ढकललं, दादा, आणि सोयरे अजून तोंड फुगवून आहेत! आणि तुम्हाला काय आठवलं? की गादी मऊ होती!

तुम्हाला पाहुणा कोणी केलं ते आता ऐका. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे. तुम्ही गाडीतून उतरलात, टोपी सारखी केलीत, वहिनींना मागे उभं केलंत आणि इनालच्या फाटकाबाहेर थांबून खणखणीत आवाजात हाक दिलीत, की पाहुणा घेता का? अहो, फाटक सताड उघडं होतं. त्याला कडीसुद्धा नाही. मी पिठाने भरलेले हात घेऊन अंगणातून धावत येत होते, तुमच्या गळ्यात पडायला. ती हाक ऐकली आणि जागच्या जागी थिजले. इनालचा चेहरा कसा उतरला तेही मी पाहिलं. पण त्याने छातीवर हात ठेवला आणि जे म्हणायचं असतं ते म्हटलं, की पाहुणा देवाचा. झालं! त्या हाकेनंतर दाराशी आपला वैरी उभा असला तरी त्याला गादीवर बसवावं लागतं. त्याला काम सांगता येत नाही, रागावता येत नाही, टेबलाच्या डोक्याशी बसवून जबाबदारी देता येत नाही. हे तुम्हाला मी सांगावं? तुमच्याकडे सगळ्या जुन्या रीती जशाच्या तशा आहेत, असं तुम्हीच आठवडाभर ऐकवत होतात. आमची भाषा निम्मी रशियन झाली म्हणून आमच्या पोरांना हसतही होतात.

वर हातात गालिचा आणि हेझलनटची पोती! भेटवस्तू घेऊन कोण येतं? घरचा माणूस हात हलवत येतो, सरळ स्वयंपाकघरात शिरतो आणि झाकणं उघडून बघतो. इनाल माझ्याकडे येतो तेव्हा मी त्याला अजून एकदाही बस म्हटलेलं नाही. तो बसलेलाच असतो.

पुरुषांच्या त्या देवाच्या सणाला, ज्याचं नाव आम्ही बायका तोंडाने घेत नाही, पुढच्या महिन्यात सगळे पुन्हा वर ऊर्सदुरला जमू. तुम्हाला बोलावणार नाही. घरच्यांना आम्ही बोलावत नसतो, ते आपले येतात. तुम्हाला काय ठरवायचं ते ठरवा.

भिंतीचं म्हणाल तर तो पुरुषांचा प्रांत. आम्ही बायका वर फक्त रडायला जातो, आणि रडताना भिंतीकडे कोण बघतं? पण मेंढीचं वाचून मलाही लाज वाटली. इनालला विचारीन.

लोभ आहे की आटला हे माझं मला अजून कळलेलं नाही. तोवर वहिनींना सांगा, चीज कोरडं पडलं असेल तर मिठाच्या पाण्यात ठेवा. माळ्यावर ठेवतात का कोणी चीज!

तुमची,
गोसादा


काराचायीर
ता. २५ नोव्हेंबर १९९७

चि. गोसादा हिस आशीर्वाद.

तुझं पत्र मेलेकने मोठ्याने वाचलं आणि फाटकाच्या मजकुरापाशी ती इतकी हसली की तिला चष्मा काढावा लागला. म्हणाली, तुम्ही हाक दिलीत तेव्हा मी मागून तुमचा कोट ओढत होते. ओढला असेल. मला त्या वेळी काही कळत नव्हतं.

मी हाक दिली हे कबूल. पण ती का दिली ते ऐकून घे आणि मग मला काय म्हणायचं ते म्हण.

ती हाक मला माझ्या आजीने शिकवली. ती बिचारी इथेच अनातोलियात जन्मली, तिने कॉकेशसचा एक दगडसुद्धा पाहिला नव्हता. तिच्या सासूने तिला शिकवलं, तिने मला. मी एवढासा होतो. ती मला अंगणाबाहेर उभं करायची आणि हाक द्यायला लावायची. आवाज कापला की परत बाहेर पाठवायची. आपण परत जाऊ तेव्हा वेशीशी घोड्यावरून उतरायचं, टोपी सारखी करायची, फाटकाशी थांबायचं आणि असं म्हणायचं. म्हणजे ते समजतील की आपण रानटी झालो नाही, आपल्याला रीत आहे. साठ वर्षं मी ती हाक जपून ठेवली, गोसादा. माझी धाकटी मुलं आपली भाषा विसरली, मी ती हाक विसरलो नाही. माझ्याजवळ तुमच्या दारात देण्यासारखं तेवढंच होतं. आणि ती दिली तिथेच मी परका झालो!

आजीने मला दुसऱ्याच्या घरात कसं शिरायचं ते शिकवलं. आपल्या घरात कसं शिरायचं हे कोणी कोणाला शिकवतं का? ते कोणी विसरेल असं तिच्या सासूला वाटलंच नसणार.

आता मी का चिडलो तेही सांगतो. इथे शाळेत मास्तर मला चेर्केझ म्हणायचे. चेर्केझ म्हणजे जे कोणी डोंगरापलीकडून आले ते सगळे, एका पोत्यात. लष्करात हवालदार रोज विचारायचा की तुम्ही लोक परत कधी जाणार. आमच्या गावाला शेजारपाजारचे अजून बाहेरून आलेल्यांचं गाव म्हणतात. आमच्या तीन पिढ्या या मातीत पुरल्या आहेत! मी हे सगळं गिळलं, कारण मला वाटायचं की एक जागा अशी आहे जिथे मला कोणी कुठून आलास म्हणून विचारणार नाही. तिथे पोचलो तर एक चिमुरडी गल्लीतून ओरडत पळाली, की तुर्क आले, आपले तुर्क आले! तिचा काय दोष? तिला जे ऐकवलं ते ती बोलली. पण मी इथे चेर्केझ आणि तिथे तुर्क. मग ओसेतियन कुठे आहे मी, बोटीत?

एक गोष्ट मी तुम्हाला सांगितली नाही, आता सांगून टाकतो. मी इनालकडे काहीतरी मागायला आलो होतो. त्या कबरस्तानात मला माझ्यापुरती जागा हवी होती. फार नाही, माणसाला लागते तेवढी. पण मानाचा पेला हातात धरून, मऊ गादीवर बसून, कसं मागणार? पाहुणा घरात झोपायला जागा मागतो. पुरायला मागत नाही.

म्हणून ठरवलं आहे की आता पुन्हा यायचं नाही. मुलांनाही सांगितलं, मला इथेच पुरा, हवालदाराच्या शेजारी पुरलंत तरी चालेल. तू वाईट वाटून घेऊ नकोस. तुझ्या गुडघ्यांसाठी मेलेक एक मलम पाठवते आहे. पाहुण्याची भेट म्हणून नको, म्हाताऱ्या भावाने म्हाताऱ्या बहिणीला दिलं म्हणून लाव.

तुझ्या लोभात कुठेतरी कोपऱ्यात राहू दे.

मुर्झाबेकदादा


अलागीर
ता. १८ जानेवारी १९९८

ती. स्व. मुर्झाबेकदादा यांस बालके गोसादाचा शि. सा. न. वि. वि.

या वेळचा नमस्कार अगदी खाली वाकून केला आहे, गुडघे दुखत असतानाही. तुमचं पत्र वाचून मी इतकी रडले की शेजारीण कोण गेलं म्हणून विचारायला आली. आजीने तुम्हाला अंगणाबाहेर उभं केलं ते काही केल्या डोळ्यांपुढून हलत नाही. आणि मी तुम्हाला हेझलनटवरून बोलले! मलम लावते आहे. वास तुमच्या चीजच्या तोडीचा आहे.

पण आता मी तुमच्यावर चिडलेली नाही. आता मी इनालवर चिडले आहे, आणि ते तुम्हाला सविस्तर सांगितल्याशिवाय मला जेवण जायचं नाही.

सणाला आम्ही वर जमलो होतो तेव्हा तुमचं पत्र आलेलं नव्हतं. म्हणून नव्या वर्षाला तो माझ्याकडे आला तेव्हा मी त्याला समोर बसवून ते शब्दन् शब्द वाचून दाखवलं. तो ऐकत होता आणि हाताने टेबलावरचे पावाचे कण गोळा करत होता. हवालदाराचं वाचलं तेव्हा त्याचा हात थांबला. कबरस्तानातल्या जागेचं वाचलं तेव्हा उठला, बाहेर बर्फात गेला आणि माझ्या सरपणाचा सगळा ढीग फोडून आला. मी म्हटलं, बोल काहीतरी. तर या माणसाने मला काय विचारावं? की मुर्झाबेकची तब्येत कशी आहे, पाठ धरते का! मी म्हटलं, त्याचं काळीज फाटलंय आणि तू पाठीचं विचारतोस?

मग मी भिंतीचं काढलं. सरळ विचारलं की ते भगदाड आपण का बुजवलं नाही. त्याने खाली बघूनच सांगितलं की ते आपलं नाही. मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. पुन्हा विचारलं, तर पुन्हा तेच, की भिंतीचा तो भाग आपला नाही, मी त्याला हात लावणार नाही आणि तूही लावायचा नाहीस. त्याहून जास्त बोलायला तयार नाही.

सांगा, दादा, याला काय म्हणायचं? आत आपले आईवडील आहेत, आजीआजोबा आहेत. त्यांच्या अंगावरून मेंढ्या जातात, आणि हा म्हणतो आपलं नाही! मी त्याची लाज काढली. तुझ्यापेक्षा तो अनातोलियातला म्हातारा बरा, निदान त्याला मेंढी दिसली, असंही म्हणाले. तो टोपी घालून निघून गेला. तेव्हापासून आमचं बोलणं नाही. तो बाजारात दिसला की मी दुसऱ्या बाजूने जाते. अलागीरच्या बाजाराला दुसरी बाजू फारशी नाही, पण मी जाते.

मी ठरवलं आहे. मे महिन्यात वाट मोकळी झाली की भाच्याला घेऊन वर जायचं आणि सिमेंट-विटांनी ते भगदाड स्वतः बंद करायचं. पुरुषांचा प्रांत म्हणे! पुरुषांना जमत नसेल तर बायका करतील. तुमच्या नावाचा एक दगड मी स्वतःच्या हाताने लावीन. तुम्ही येणार नाही म्हणता, निदान तुमचा दगड तरी तिथे असेल.

वहिनींना नमस्कार. आमच्यावरचा लोभ कमी करायचा असेल तर इनालच्या वाट्याचा करा, माझ्या वाट्याला हात लावू नका.

तुमची,
गोसादा


काराचायीर
ता. २४ फेब्रुवारी १९९८

श्री. इनाल दाउराती यांस स. न. वि. वि.

तुमच्या बहिणीचं पत्र पोचलं. मी यापुढे तुम्हाला लिहिणार नव्हतो, पण ते वाचल्यावर गप्प बसणं मला शक्य नाही.

तुम्ही मला पाहुणा मानलंत, ठीक आहे. मी हाक दिली, चूक माझी. ते मी मनातल्या मनात मिटवलं होतं. पण कबरस्तानातलं भगदाड आपलं नाही असं तुम्ही म्हणालात, हे मला मिटवता येत नाही. कोणाचं आहे मग ते? सरकारचं? मेंढ्यांचं? माझ्या पणजोबांनी तो मुलूख सोडला तेव्हा ते याच भरवशावर निघाले असतील की मागे राहिलेला धाकटा भाऊ वाडवडिलांची हाडं राखील. तुम्हाला तिथे राहायला मिळालं. तुम्हाला रोज वर बघितलं की ते डोंगर दिसतात. त्याची किंमत एवढीच होती, की भिंत पडली तर उचलायची. तेवढंही तुमच्याच्याने झालं नाही.

आम्ही इकडे आमच्या मृतांच्या भिंती दर वसंतात नीट करतो. कोणी आम्हाला सांगायला येत नाही. आणि तुमच्या टेबलावर पहिली प्रार्थना पूर्वजांसाठी!

मी काही मागत नाही. मी मागायला आलो होतो ते गोसादाने तुम्हाला वाचून दाखवलंच आहे, तेही आता नको. ज्या कबरस्तानाची भिंत कोणाचीच नाही, तिथे मला निजायचं नाही. एवढंच मनात ठेवा, की घराण्यातल्या वयाने मोठ्या माणसाने तुम्हाला हे सुनावलं. पाहुण्याने सुनावलं असं वाटत असेल तर तसं समजा आणि माफ करून टाका. तुम्हाला ते छान जमतं.

लोभाचं आपल्यात काही लिहिण्याजोगं उरलेलं नाही, म्हणून लिहीत नाही.

मुर्झाबेक


ऊर्सदुर
ता. १२ एप्रिल १९९८

ती. स्व. मुर्झाबेकदादास इनालचा सा. न. वि. वि.

मला पत्र लिहायची सवय नाही. लष्करातून आईला लिहिली होती तेवढीच. अक्षर लागलं नाही तर वहिनीला विचार. अहोजाहो आता बस झालं, ते मी पाहुण्याला करत होतो. तुझ्या पत्राने माझ्या दारातला पाहुणा हाकलून दिला, बरं झालं. कोणताही पाहुणा यजमानाला असं लिहीत नाही. वाचताना मला माझ्या बापाच्या शिव्या आठवल्या.

गोसादाने सिमेंटची पोती आणून पुतण्याच्या गाडीत टाकली आहेत, म्हणून मला लेखणी धरावी लागली. तिला अडवलं पाहिजे, आणि ती माझं ऐकत नाही. तुझं ऐकेल. तेव्हा आता नीट वाच.

कबरस्तानाची भिंत आपल्या घराण्यात वाटून दिलेली आहे. प्रत्येक भावाच्या घराने आपला तुकडा सांभाळायचा, दुसऱ्याच्या तुकड्याला हात लावायचा नाही. ही रीत बायकांना सांगत नाहीत. ते चुकलं, आता मला कळतंय. खालची बाजू तेमिरकानच्या घराची, म्हणजे आमची. तू पाहिलीस ना? एक दगड हललेला आहे का तिथे? दरवर्षी मी स्वतः तिथे जातो. वरची, दाराकडची बाजू थोरल्या भावाची. थोरला म्हणजे गाबिस. ते भगदाड तुझं आहे, दादा.

मी पोर असताना माझे वडील एकदा तिथला पडलेला दगड उचलून जागेवर ठेवायला गेले. आजोबांनी त्यांच्या हातावर फटका मारला. मी पाहिलं आहे. ते म्हणाले, हे गाबिसच्या घरचं काम आहे. घर बुडालं, मागे कोणी उरलं नाही, तरच दुसऱ्याने त्याचा तुकडा उचलायचा. आपण हा दगड ठेवला तर गाबिसचं घर आपण आपल्या हाताने बुडवलं असं होईल. वडिलांनी दगड खाली ठेवला. मग मीही कधी उचलला नाही. मेंढ्या आत येऊ नयेत म्हणून काटे टाकतो, तो पलंगही मीच टाकला. काटे टाकणं म्हणजे बांधणं नाही. खालचं सबंध गाव आम्हाला हसतं, की दाउरातींना स्वतःच्या मेलेल्यांची भिंत बांधता येत नाही. माझ्या बापाने ते ऐकून घेतलं, मीही ऐकून घेतलं. तुमच्याकडून ना पत्र, ना निरोप, माणूस जिवंत आहे की नाही याचा पत्ता नाही, आणि आमच्या तीन पिढ्यांनी ते भगदाड तुमच्यासाठी उघडं ठेवलं. आणि तू मला लिहितोस की आम्ही काही राखलं नाही! हे वाचून मी दोन दिवस जेवलो नाही.

तू आलास तेव्हा मी तुला त्याच दिवशी वर नेणार होतो. फावडं तयार होतं, पुतण्याने दगड गाडीभर आणून ठेवले होते. तू ती हाक दिलीस आणि माझं तोंड शिवलं. पाहुण्याला काम सांगायचं नाही. तू स्वतः भगदाडाचं विचारलंस तेव्हा तर माझ्या जिवाची काहिली झाली, पण काय सांगणार? की तुझंच आहे, ऊठ, बांध? म्हणून मटण वाढलं. दुसरं काही सुचलं नाही.

गोसादाला तुझ्या पाठीचं विचारलं ते याच कारणाने. दगड जड आहेत.

तेव्हा जूनमध्ये ये. एकटा येऊ नकोस, तुझ्या पोरांना आण. भाषा येत नसली तरी चालेल, दगड उचलायला भाषा लागत नाही. बैल कापणार नाही, तो मागच्या वर्षी संपला आणि लग्न अजून राहिलं आहे. भिंत पुरी होईपर्यंत कोबी आणि पोळ्या मिळतील. गादी मिळणार नाही, ती मी कुत्र्याला दिली. काम झालं की टेबलाच्या डोक्याशी तू बसायचंस, प्रार्थना तुला येईल तशी म्हणायचीस आणि बिअर नको म्हणालास तर मी सगळ्यांदेखत तुझी खरडपट्टी काढणार. मग पाणी पी.

जागेचं विचारलंस. तुझ्या भिंतीच्या आत, दाराच्या उजव्या हाताला, गाबिसच्या घरची जागा मोकळीच आहे. तिथे आम्ही कोणाला निजू दिलं नाही. ती मागायची नसते. पण निजायची घाई करू नकोस, आधी बांध.

गोसादाला हे सगळं काल सांगितलं. ती खूप ओरडली, मग रडली, मग पुन्हा ओरडली. सिमेंट मात्र अजून गाडीतच आहे. तिला लवकर लिही.

लोभ आमच्याकडे भिंतीसारखाच वाटलेला असतो. माझा तुकडा धड आहे, तुझा तू येऊन उभा कर.

आणि फाटकाशी थांबून हाक देऊ नकोस. सरळ आत ये. कडी नाही.

तुझा धाकटा भाऊ,
इनाल